उद्याच्या समाजात भांडी कोण घासणार?

(एका अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



विज्ञानकथा म्हटली की डोळ्यांपुढे अग्निबाण, यंत्रमानव आणि परग्रहावरचे विचित्र प्राणी उभे राहतात. समाजपरिवर्तनाचे काम करणारा कार्यकर्ता असल्या पुस्तकांकडे मुलांची करमणूक म्हणून पाहतो आणि पुढे जातो. माझे म्हणणे असे की, या वाङ्मयाची एक शाखा नेमकी आपल्यासाठी आहे. ती ओळखावी कशी, एवढेच आज मांडावयाचे आहे.

कथेत यंत्र कोणते, हे नंतर विचारावे. आधी विचारावे की, त्या समाजात जमीन कोणाची, कामाची वाटणी कोण करतो, निर्णय कोण घेतो आणि जेवणानंतरची भांडी कोण घासतो? कितीतरी विज्ञानकथा या परीक्षेस उतरत नाहीत. त्यांतील याने आकाशगंगा ओलांडतात. परंतु यानात सम्राट, सरदार आणि सेवक जसेच्या तसे बसलेले असतात.

जुन्यापासून आरंभ करू. एडवर्ड बेलामी या अमेरिकन लेखकाची 'लुकिंग बॅकवर्ड' ही कादंबरी १८८८ साली निघाली. तिचा नायक बॉस्टन शहरात १८८७ साली झोपी जातो आणि २००० साली जागा होतो. उद्योगधंदे राष्ट्राच्या मालकीचे झालेले आहेत, संपत्तीत प्रत्येकाचा वाटा सारखा आहे आणि २१ ते ४५ या वयात प्रत्येक जण 'औद्योगिक सेने'त काम करतो. विषमता गेली, हुकूम मात्र राहिला. विल्यम मॉरिस या इंग्लिश समाजवाद्यास हे चित्र मानवले नाही. त्याने 'कॉमनवील' या समाजवादी पत्रातून १८८९ साली बेलामीवर टीका केली आणि १८९० साली त्याच पत्रातून 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' ही आपली कथा क्रमशः प्रसिद्ध केली. समाजवाद्यांमधील मतभेद कादंबरीच्या रूपाने मांडला जावा आणि पक्षाच्या पत्राने तो छापावा, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मॉरिसच्या लंडनमध्ये पैसा नाही, तुरुंग नाहीत. पार्लमेंटच्या इमारतीत शेणखत साठवलेले असते. श्रम हा आनंद झालेला आहे. पण घरकाम? ते बहुतांशी बायकांकडेच आहे आणि त्यांना ते आवडते, असे एक वृद्ध पात्र समजावून सांगते. एवढा मोठा क्रांतिकारक स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी येऊन थबकला.

तो उंबरठा ओलांडला आपल्या देशातील एका स्त्रीने. बंगालच्या रोकेया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज् ड्रीम' ही इंग्रजी कथा १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये आली. तिच्यातील राज्यात कारभार स्त्रिया पाहतात आणि पुरुष पडद्यात राहून मुले सांभाळतात, स्वयंपाक करतात. स्त्रियांची विद्यापीठे ढगांतून पाणी उतरवतात, सूर्याची उष्णता साठवतात. त्याच उष्णतेवर चूल पेटते. येथे यंत्रे आहेत, पण ती विद्येचे दार कोणासाठी उघडले, या प्रश्नाचे फळ म्हणून आलेली आहेत. पडदा उलटा करून रोकेयांनी त्याचा हास्यास्पदपणा दाखविला. पुढे १९११ साली त्यांनीच कलकत्त्यात मुलींची शाळा चालविली. स्वप्न आणि कार्य यांत वैर नसते, याला आणखी पुरावा कशाला हवा?

आता या शाखेतील, माझ्या मते, सर्वांत प्रौढ कृतीकडे वळू. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची 'द डिस्पझेस्ड' ही कादंबरी १९७४ साली प्रसिद्ध झाली. ओडो नावाच्या स्त्रीच्या अनुयायांनी अनारेस या ओसाड गोलावर नवा समाज वसविला आहे. तेथे सरकार नाही, मालमत्ता नाही, पैसा नाही. कष्टाची आणि घाणेरडी कामे सर्वांच्या वाट्याला पाळीपाळीने येतात. 'माझे' हा शब्ददेखील भाषेतून जवळजवळ हद्दपार झालेला आहे.

परंतु लेखिका येथे थांबत नाही. ती या समाजावर दुष्काळ आणते. शेव्हेक हा भौतिकशास्त्रज्ञ आणि त्याची सहचरी कामाच्या नेमणुकांमुळे चार वर्षे एकमेकांपासून दूर राहतात. त्याचे संशोधन एक वरिष्ठ अडवून धरतो आणि प्रसिद्ध झालेल्या कामावर स्वतःचे नावही लावतो. त्याचा नाटककार मित्र एका नाटकापायी लोकांच्या नापसंतीस पात्र होतो आणि शेवटी मनाने खचून जातो. त्याच्यावर खटला कोणी भरला नव्हता, कारण तेथे कायदाच नाही. शेजाऱ्यांचे मत हाच तेथला पोलीस झाला होता. तरीही लेखिका शेव्हेकला भांडवलशाही उरासच्या वैभवात कायमचा ठेवीत नाही. तो अनारेसला परत येतो, कारण क्रांती पुरी करावयाची राहिलेली आहे.

मित्रहो, आपल्या कामाशी याचा संबंध आहे. आपण काय नष्ट करावयाचे, हे तपशिलाने सांगतो; काय उभारावयाचे, हे चार विशेषणांत उरकतो. न्याय्य, समतेचा, शोषणमुक्त! त्या समाजात मतभेद झाल्यास काय होईल, संघटनेतल्या संघटनेत एखाद्याचा आवाज दाबला गेल्यास तो दाद कोठे मागेल, याचा विचार सत्ता हाती येईपर्यंत लांबणीवर टाकता येत नाही. अशी कथा त्या विचाराची तालीम घडविते.

मराठीपुरते बोलावयाचे, तर १९७४ सालीच मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांच्या 'कृष्णविवर' कथेस पहिले पारितोषिक मिळाले होते. विज्ञानदृष्टीच्या प्रसाराचे मोठे कार्य त्या परंपरेने केले. तिच्या शेजारी आता समाजाची प्रयोगशाळाही उभी राहावयास हवी, आणि तिच्यासाठी परग्रह शोधण्याची आपणांस गरज नाही. जात संपलेल्या मराठी गावाचा नकाशा कसा असेल? वेशीबाहेर कोण राहत असेल? मेलेले जनावर कोण उचलील, गटारात कोण उतरेल, आणि हे ठरविणाऱ्या सभेत कोण कोण बसलेले असेल? ही कथा लिहिण्यास अग्निबाण लागत नाही. आपल्यापैकी जे लिहू शकतात, त्यांनी ती लिहावी आणि आपल्या पत्रांनी तिच्यासाठी जागा राखून ठेवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.