जुने वाचनयंत्र घेताना

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात धानोरा नावाचे गाव आहे. तिथल्या एका शिक्षकमित्राने मला परवा विचारले, "सर, पुस्तके वाचायचे ते यंत्र, ई-रीडर, जुने मिळतेय. घेऊ का?" मी म्हटले, "घ्या की! पण बैल घेताना दात बघतो ना आपण? तसेच बघून घ्या."

मी एकदा फसलो आहे, म्हणून सांगतो. यंत्र दिसायला कोरे करकरीत. पण घरी येऊन मराठी पुस्तक उघडले, तर जोडाक्षरे फुटलेली आणि वेलांट्या भलतीकडेच! किंडल नावाचे यंत्र अमेरिकेत 2007 साली आले. त्याच्या दुकानात मराठी पुस्तकांचे दालन उघडले ते डिसेंबर 2016 मध्ये. तेव्हा त्याआधीचे यंत्र असेल तर विशेष जपा. विकणाऱ्यासमोरच मराठी पान उघडा आणि 'राष्ट्र', 'विद्यार्थी', 'स्त्री' हे शब्द नीट दिसतात का, ते बघा.

दुसरे असे, की यंत्रावरून जुन्या मालकाचे खाते त्याच्याच हातून काढून घ्या. नाहीतर सातबारा त्याचा आणि नांगर तुमचा, अशी गत व्हायची. पडद्यावर रेघ किंवा डाग नाही ना, तेही पाहा. अर्धा तास वाचून बॅटरी किती उतरते, ते बघा.

आता हे यंत्र कशाला चांगले? याच्या पडद्यात केसाएवढ्या बारीक कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे कण असतात. विजेने ते वरखाली होतात आणि पान उमटते. एकदा उमटले, की ते टिकवायला वीज लागत नाही. म्हणून एकदा चार्ज केले, की कित्येक दिवस चालते. भर उन्हात मोबाइल दिसेनासा होतो. हे मात्र कागदासारखे स्वच्छ दिसते. चाळिशी लागलेल्यांना अक्षर मोठे करता येते. नंदुरबारला आलात, की पुस्तके उतरवून घ्या. मग गावात रेंज नसली तरी अडत नाही. ई-साहित्य प्रतिष्ठानसारख्या संस्था मराठी पुस्तके विनामूल्य देतात.

पण गोष्ट, कादंबरी, निबंध, असा सलग मजकूरच याला मानवतो. बालभारतीचे रंगीत पाठ्यपुस्तक, नकाशा किंवा छायाचित्र काढून साठवलेली जुनी पाने सहा इंची पडद्यावर मुंगीएवढी दिसतात. त्यासाठी हे यंत्र घेऊ नका, पस्तावाल.

मित्राने शेवटी पारखून यंत्र घेतले. शाळा सुटल्यावर लिंबाखाली बसून तो मुलांना रोज एक गोष्ट वाचून दाखवतो. परवा एका मुलीने विचारले, "गुरुजी, हे घरी नेऊ?" गुरुजी गप्प झाले. यंत्र एकच, ते कोणाकोणाला देणार?

शिक्षकबंधूंनो, तिचा प्रश्न विसरू नका. यंत्र जरूर घ्या, पण शाळेच्या कपाटातली कागदी पुस्तकेही कुलुपाबाहेर काढा. ती एकाच वेळी वीस घरी जातात.