पाद्री टिळकांचे प्रवचन आणि कीर्तनाचा साचा

पंचवटीसमोरच्या नाशिक गावात गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकलेले नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) १८९३ मध्ये आगगाडीने राजनांदगावास जात असता एका सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले, आणि त्यातील गिरिप्रवचनाने, म्हणजे येशूने डोंगरावर केलेल्या उपदेशाने, त्यांच्या मनाची पकड घेतली. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे जलसंस्काराने होणारी ख्रिस्ती दीक्षा, घेतली. १९०४ मध्ये ते पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, झाले.

उपदेशासाठी त्यांनी कीर्तनाचा आश्रय घेतला, ज्याच्या पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण होते आणि उत्तररंगात ते तत्त्व आख्यानातून, म्हणजे कथेतून, उलगडते. हा निव्वळ वेशांतराचा प्रकार होता असे म्हणणे उथळपणाचे ठरेल, कारण कीर्तनकाराला मुद्द्यांइतकीच पदांची, चालींची आणि साथीदारांचीही तयारी करावी लागते, आणि श्रोताही टाळ्या व नामघोष यांद्वारे त्यात सामील होतो. गोदाकाठच्या जलालपूरच्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक, ज्यांनी पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्यांच्यापासून वेगळे राहून काढली आणि १९०० मध्ये दीक्षा घेतली, त्यांनीही पुढे ख्रिस्ती कीर्तने केली.