भुंगेरे, हुमणी आणि डुकराच्या पोटातला काटेरी जंत

मृगाचा पाऊस पडला की तिन्हीसांजेला कडुनिंबावर, बाभळीवर भुंगेरे जमतात. पैठण, गंगापूरकडे ऊस असलेल्या घरांना हे सांगायला नको. आपण फांद्या हलवून भुंगेरे पाडतो, कारण त्यांच्याच अळ्या, म्हणजे हुमणी, पिकाची मुळं खातात. आज आम्ही पशुसखी सांगतोय ते हे, की ज्या घरी डुकरं आहेत त्या घराला हुमणीचा दुसराही धोका आहे.

डुकराच्या लहान आतड्यात काटेरी डोक्याचा एक जंत होतो. त्याच्या सोंडेवर मागे वळलेले आकडे असतात. ती सोंड तो आतड्याला रुतवून बसतो. त्याला तोंड नाही, पोट नाही. कातडीतूनच तो जनावराचं अन्न शोषतो. मादी ३० सेंटिमीटरहून लांब होते आणि दिवसाला २ लाखांहून जास्त अंडी घालू शकते.

ही अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि मातीत काही वर्षं टिकतात. पण नुसती अंडी पोटात गेली म्हणून डुकराला हा जंत होत नाही. आधी ती हुमणीनं किंवा शेणकिड्यानं खावी लागतात. किड्याच्या अंगात जंताचं पिल्लू वाढतं. हुमणीचा भुंगेरा झाला तरी ते आत राहतं. डुकरानं उकिरडा उकरून तो किडा खाल्ला, की दोन-तीन महिन्यांत पोटात मोठा जंत तयार.

थोडे जंत असले तर डुक्कर नुसतं वाळतं, पिल्लं वाढत नाहीत. जास्त झाले तर हगवण लागते, कधी रक्तही पडतं. आतड्याला भोक पडलं तर जनावर दगावतं. बाजारात न्यायला आलेलं जनावर असं गेलं, की वर्षाची कमाई गेली.

म्हणून साखळी किड्यापाशीच तोडायची. डुकरांना पक्क्या फरशीवर ठेवा. विष्ठा रोज उचला. उकिरड्याला कुंपण घाला, कारण शेणखतात हुमणी वाढते. गोळा केलेले भुंगेरे फुकटचा खुराक म्हणून डुकरांपुढे टाकू नका. रॉकेलच्या पाण्यात मारून खड्ड्यात पुरा. रांगतं मूल घरात असेल तर लक्ष ठेवा. कच्चा किडा तोंडात गेला तर हा जंत माणसालाही होऊ शकतो, जरी क्वचितच.

दुकानातून नेहमीचं जंताचं औषध आणून पाजलं म्हणजे काम झालं, असं समजू नका. या जंतावर प्रत्येक औषध चालत नाही. ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घालून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या आणि डॉक्टर सांगतील तेच औषध, जनावराच्या वजनाप्रमाणे द्या. जाणं जमत नसेल तर १९६२ या नंबरावर फोन करा. तो फुकट लागतो.

गटाच्या येत्या बैठकीत हे वाचून दाखवा. डुकरं पाळणारी बाई गटात नसली, तर तिच्या घरी जाऊन सांगा.