साथ आली तर खबर कशी द्यावी, कशी घ्यावी



आज पिकाचं काही सांगणार नाही. साथीबद्दल बोलायचं आहे, आणि त्यातही औषधापेक्षा खबरेबद्दल जास्त.

२०२० सालचे फेब्रुवारी-मार्च आठवा. नाशिक जिल्ह्यात करोनाचा पहिला रुग्ण सापडला तो मार्चअखेर. पण कोंबडी खाल्ली की करोना होतो, हा निरोप मोबाइलवरून त्याच्या कितीतरी आधी गावोगाव पोचला होता. शेडमधला पक्षी चाळीस-पंचेचाळीस दिवसांत विक्रीला तयार होतो. गिऱ्हाईक नाही म्हणून त्याचं खाणं थांबत नाही. खाद्याचा खर्च रोज चालूच. मिळेल त्या भावानं पक्षी काढून टाकावे लागले. कोंबडीचा काही संबंध नाही, असं सरकारनं सांगितलं. हैदराबादेत तर तेलंगणाच्या मंत्र्यांनी स्टेजवर कोंबडी खाऊन दाखवली. पण मंत्र्यानं खाल्ली म्हणून घरची बाई चूल पेटवील का? हा रोग माणसाच्या खोकल्यातून, श्वासातून माणसाला होतो, शिजवलेल्या अन्नातून होत नाही, हे कारण गावच्या नर्सबाईंनी ओट्यावर बसून सांगितलं असतं तर ते लवकर पटलं असतं, असं मला वाटतं.

याच्या उलट प्रकार २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला झाला. तिथं पक्षी खरोखरच मरत होते, पण ही राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी असावी, असं धरून चाललं होतं. भोपाळच्या प्रयोगशाळेचा निकाल आला तेव्हा बर्ड फ्लू निघाला. मरतुकीची बातमी लोक का दाबतात? शेड रिकामी होईल आणि पैसे मिळतील की नाही कोण जाणे, या भीतीनं. म्हणून माझं मत असं की, पक्षी मारण्याचा हुकूम आणि भरपाईचा दर एकाच दिवशी, एकाच तोंडानं सांगितला पाहिजे.

धाकानं काम होत नाही, हे जुनंच आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा गोरे शिपाई घरात घुसून रोगी शोधत. लोक रोगी लपवू लागले. त्याच वर्षी हाफकिन साहेबांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली होती, पण तीही टोचून घ्यायला लोक बिचकत. आपल्या भगूरलाही प्लेग आला. सावरकरांचे वडील १८९९ साली त्यातच गेले.

२०२२ सालच्या लम्पीत मात्र बरंच नीट झालं. जनावरांचे बाजार बंद झाले, लस फुकट टोचली गेली, आणि दगावलेल्या जनावराची मदतही जाहीर झाली : दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये. त्यामुळे आजारी जनावर दाखवायला लोक पुढे आले. तरी दुधाची अफवा उठलीच. लम्पी माणसाला होत नाही. डास, गोचीड, चावऱ्या माश्या यांच्यामुळे तो एका जनावरापासून दुसऱ्याला होतो. दूध उकळून प्यावं, जसं एरवी पितो तसंच.

आता आपण काय करायचं? अंगावर गाठी, ताप, किंवा एकाएकी मरतूक दिसली की जनावर वेगळं बांधा. मेलेला पक्षी ओढ्यात फेकू नका, उघड्या हातानं उचलूही नका. ग्रामपंचायतीला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा. २००९ च्या कायद्यानं ती खबर देणं मालकावर बंधनकारकच आहे. १९६२ या नंबरवर फोन केला तरी चालतो. सांगताना जनावरं किती, आजारी किती, मेली किती आणि कधीपासून, एवढं नेमकं सांगा. 'बरीच मेली' म्हणू नका.

सरपंचांनी आणि पोलीस पाटलांनी दवंडी द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारून चार ओळी लिहून घ्याव्यात : रोग कोणता, कशानं पसरतो, काय करायचं, मदत कुठं मिळेल. एखादी गोष्ट अजून कळली नसेल तर 'तपासणी चालू आहे, उद्या संध्याकाळी सांगू' असं म्हणावं. आणि मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खरंच सांगावं, निकाल आला नसला तरीसुद्धा.