टांकसाळीची चूक कीं नंतरचा घाव?

रहाटणीसारख्या पवनाकांठच्या गांवांत जुन्या देव्हाऱ्यांत एखादी काळवंडलेली शिवराई असावयाचीच. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसरीस 'छत्रपति'. त्यांतील एखादें अक्षर नसलें कीं घरचीं माणसें हर्षानें म्हणतात, "टांकसाळीची चूक! मोल मोठें येईल."

येथें जरा थांबावें. १६७४ च्या राज्याभिषेकापासून चाललेली शिवराई हातानें पाडीत. तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवून वरच्या ठशावर हातोड्याचा घाव घालीत. ठसा मोठा, चकती लहान; म्हणून कांहीं अक्षरें कांठाबाहेर राहत. ती चूक नव्हे, रीतच होय. १८३५ चा कंपनीचा पाव आणा मात्र यंत्रावर पाडलेला. त्याची छाप बरीच सरकली असेल, तर ती चूक म्हणावी.

खरी चूक ठशाखालींच घडते. दोन घावांमध्यें चकती हलली, तर अक्षर दुहेरी उमटतें. आधींचें नाणें ठशास चिकटून राहिलें, तर पुढच्या नाण्यावर एका बाजूची छाप दुसऱ्या बाजूस खोलगट व उलटी उठते. नंतरच्या घावाची खूण निराळी. तेथें उठलेलें अक्षर चेपतें, धातु कडेस सरकतो. घाव ताजा असल्यास काळ्या पापुद्र्यांत तांबें लाल चमकतें.

म्हणूनच पारख होण्यापूर्वीं नाणें चिंचेनें घांसूं नये. काळेपणाबरोबर ही साक्षही धुऊन जाते. मग खरी चूक हातीं असूनही ती सिद्ध करतां येत नाहीं.