आगगाडीतून उतरायचं कुठं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

'बाई आणि सिनेमा' या विषयावर बोल, असं मला सांगितलं गेलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मी समीक्षक नाही. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि गेली काही वर्षं कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते आहे. पण सिनेमाचं वेड मला शाळेपासून आहे. आमच्या चाळीत दूरदर्शनवर मराठी सिनेमा लागला की शेजारच्या बायका आमच्या खोलीत जमायच्या. कुणी तांदूळ निवडायचं, कुणी मेथी. सिनेमातली सासू बोलायला लागली की निवडणारे हात थांबायचे. तेव्हापासून मला सिनेमाइतकंच सिनेमा पाहणाऱ्या बायकांकडे पाहायची सवय लागली.

आज मी तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे. त्या निमित्ताने काही जुन्या-नव्या चित्रपटांबद्दल बोलेन.

केंद्रात नवीन लागले तेव्हा वस्तीतल्या बायकांना दर महिन्याला एक सिनेमा दाखवायचा, असं आम्ही ठरवलं. निवड अर्थातच माझी. पहिला सिनेमा मी लावला तो 'उंबरठा'. जब्बार पटेलांचा, 1982 सालचा. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरचा, पटकथा विजय तेंडुलकरांची. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी तो पाहिला असेल. स्मिता पाटील यांनी केलेली सुलभा महाजन सुखवस्तू घरातली सून आहे. समाजकार्याचं शिक्षण घेतलेली आहे. नवरा वकील, सासू स्वतः समाजसेविका. पण सून नोकरीसाठी परगावी महिलाश्रमात निघाली की तीच समाजसेवा सासूला खुपायला लागते. सुलभा जाते. आश्रमातल्या गैरकारभाराशी झगडते, आणि शेवटी तिथून बाहेर पडते. घरी येते, तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभा परत घराबाहेर पडते आणि आगगाडीत बसते. सिनेमा संपतो.

हा माझा लाडका सिनेमा. मी स्वतः याच शिक्षणातून आलेली, त्यामुळे सुलभा मला माझी मोठी बहीण वाटायची. दिवे लागले तेव्हा माझे डोळे भरलेले होते. मी मोठ्या उत्साहाने विचारलं, "काय वाटलं?" कुणी बोलेना. मग मागच्या रांगेतली, धुणीभांडी करणारी एक बाई म्हणाली, "ताई, ती गाडीत बसली खरी. पण उतरली कुठं?"

मी काहीतरी उत्तर दिलं. स्वाभिमान, स्वतःची ओळख वगैरे. तिने मान हलवली आणि घरी गेली. तिचा प्रश्न मला कळलाच नव्हता. मला वाटलं, हिला शेवट समजला नाही. ही माझी चूक.

पुढच्या महिन्यात बायका म्हणाल्या, "ताई, 'माहेरची साडी' लावा." मी नाही म्हटलं. हा 1991 सालचा, विजय कोंडके यांचा सिनेमा किती चालला हे मी तुम्हाला सांगायला नको. अलका कुबल यांच्या लक्ष्मीचे हाल पाहून बायका ओक्साबोक्शी रडल्या, माझी आईही रडली. मी कॉलेजात त्यावर तावातावाने बोलत असे. सोसणाऱ्या बाईचा देव्हारा मांडणारा सिनेमा, असं माझं मत होतं. खरं सांगायचं तर ते मत आजही फारसं बदललेलं नाही. जन्मापासून अपशकुनी ठरवलेली मुलगी सासरी छळ सोसते, बापाच्या प्रेमाची वाट पाहते, आणि ती साडी येते तेव्हा फार उशीर झालेला असतो. चांगली बाई कोण? तर जी मुकाट मरते ती. हा धडा मला मान्य नाही.

पण बायकांनी माझं ऐकलं नाही. त्यांनी वर्गणी काढली, सिनेमा मिळवला आणि गणपतीच्या मांडवात लावला. मी नाराजीनेच गेले. सिनेमा संपल्यावर मात्र जे घडलं ते 'उंबरठा'नंतर घडलं नव्हतं. रडून झाल्यावर एक जण बोलायला लागली, मग दुसरी. सासूने कधी उपाशी ठेवलं, नवऱ्याने कशाने मारलं, माहेरी गेल्यावर भावजयीने दार कसं अर्धंच उघडलं. आणि मागच्या रांगेतल्या त्या बाईने पदर सारून आम्हाला खांद्यावरचा डाग दाखवला. दोन वर्षं ती आमच्या बैठकांना येत होती, हे ती कधी बोलली नव्हती.

मी त्या रात्री फार अस्वस्थ झाले. जो सिनेमा मी टाकाऊ ठरवला होता, त्याने बाईचं तोंड उघडलं होतं. जो थोर मानला होता, त्याने ते बंद केलं होतं. असं का झालं?

माझ्या परीने मला सापडलेलं उत्तर असं आहे. 'माहेरची साडी' बाईला म्हणतो, तुझं दुःख मला ठाऊक आहे. तिथे रडायला परवानगी आहे, आणि रडण्याच्या आडून बोलायलाही. पण वाट दाखवायची वेळ आली की हा सिनेमा मरणाकडे बोट दाखवतो. 'उंबरठा' वाट दाखवतो, पण ती वाट जिच्या हातात पदवी आहे आणि पर्समध्ये तिकिटाचे पैसे आहेत तिची. चार घरची भांडी घासणाऱ्या बाईने विचारलेला प्रश्न सिनेमा न कळल्याचा नव्हता. सिनेमा पुरता कळल्यामुळेच तिने तो विचारला होता.

तेव्हापासून मी प्रत्येक सिनेमा हाच प्रश्न मनात ठेवून पाहते: हिला जायला जागा कुठे आहे?

या नजरेने मी 'कुंकू' पुन्हा पाहिला आणि चकित झाले. प्रभातचा, शांतारामबापूंचा, 1937 सालचा सिनेमा. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. देवलांच्या 'शारदा' नाटकात, 1899 साली, म्हाताऱ्याशी ठरलेलं लग्न शेवटी मोडतं. 'कुंकू'मधल्या नीरेचं मात्र फसवून लग्न लागतं. शांता आपटे यांची नीरा काय करते? ती पळून जात नाही, तिला जायला जागाच नाही. जीव देत नाही. ती त्याच घरात राहते आणि म्हाताऱ्या वकिलाला नवरा मानायला साफ नकार देते. सावत्र मुलगा लगट करायला येतो तेव्हा त्याला छडीने फोडून काढते. 1937 साली! आज मालिकांमधून व्रतवैकल्यं करत हिंडणाऱ्या नायिका पाहिल्या की मला नीरेची आठवण येते. जुनं ते सोवळं आणि नवं ते धीट, असं आपण धरून चालतो. ते खरं नाही.

या सिनेमात सावत्र मुलगी समाजकार्यकर्ती आहे. ती बापाची बाजू न घेता नीरेला बळ देते. ती भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली होती. त्यांनी पुढे खरोखरच संततिनियमनाच्या प्रचाराचं काम केलं आणि त्या राज्यसभेच्या नियुक्त सदस्यही झाल्या. एका बाईला घरात टिकून राहायला दुसरी बाई लागते, हे त्या सिनेमाला ठाऊक होतं. पण त्याचाही शेवट मला खटकतो. वकिलाला पश्चात्ताप होतो, तो पत्र लिहून ठेवतो आणि जीव देतो. म्हणजे नीरेला मोकळं करायला कुणीतरी मरावंच लागलं. बाईचा नकार मान्य करून जगणारा नवरा त्या काळात सुचला नसेल. आजही फारसा सुचत नाही.

'कुंकू'ला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, घरातले साधे आवाज, एवढंच. बरोबर 84 वर्षांनी, 2021 मध्ये, 'द ग्रेट इंडियन किचन' हा जिओ बेबी यांचा मल्याळी सिनेमा आला. त्यातही स्वयंपाकघरातल्या प्रसंगांना संगीताची जोड जवळपास नाही. चिरणं, वाटणं, घासणं, आणि मोरीचा गळका पाइप. नवरा प्लंबरला सांगायचं रोज विसरतो. सासऱ्याला भात चुलीवरचाच लागतो आणि कपडे हाताने धुतलेले. हा सिनेमा मी बायकांना दाखवला तेव्हा खालची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येईनात, म्हणून मी मोठ्याने अर्थ सांगत होते. थोड्या वेळाने एक आजी म्हणाल्या, "बाई, तू गप बस. आम्हाला सगळं समजतंय." मी गप्प बसले.

त्यातली नायिका शेवटी मोरीचं घाण पाणी सासऱ्याच्या आणि नवऱ्याच्या अंगावर फेकून निघून जाते. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ती पुढे नृत्य शिकवते, म्हणजे कुठे उतरली तेही कळतं. पण सिनेमा तिथेच थांबत नाही. त्याच घरात दुसरी बायको आलेली दिसते आणि नवरा आपला उष्टा कप तिच्यासाठी तसाच ठेवून जातो. टाळ्या थांबल्या. एक बाई गेली म्हणून घर बदलत नाही.

नागराज मंजुळे यांच्या 2016 च्या 'सैराट'मध्ये आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, याचं कौतुक फार झालं. मला त्याहून मोलाचा वाटतो तो पळून गेल्यानंतरचा भाग. परक्या गावात आसरा देणारी एक बाई भेटते, बाटल्या भरण्याच्या कारखान्यात काम मिळतं, नवरा-बायकोची भांडणं होतात, घर उभं राहतं. पळून गेल्यावर जगायचं कसं, हे आपल्या सिनेमात एवढ्या तपशिलाने क्वचितच दाखवलं गेलं आहे. आणि मग आईकडची भेटवस्तू घेऊन माहेरची माणसं येतात. त्यांनीच घात केलेला असतो. 'माहेरची साडी'त लक्ष्मी ज्या माहेरासाठी झुरते, ते माहेर जातीपुढे काय करू शकतं, ते इथे दिसतं. हे दोन सिनेमे पाठोपाठ दाखवून पाहा. बायका दोन दोन तास बोलतात.

सुमित्रा भावे यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. त्या आपल्याच क्षेत्रातल्या. समाजकार्य शिकल्या, शिकवलं, आणि मग सिनेमाकडे वळल्या. 1985 मधला 'बाई' हा त्यांचा पहिला लघुपट वस्तीतल्या बाईच्या जगण्यावर आहे. सुनील सुकथनकर यांच्यासह त्यांनी केलेला 'दोघी' 1995 सालचा. घराबाहेर पाठवलेल्या मुलीच्या पैशावर घर तगतं आणि त्याच घरात तिला मानाची जागा नसते. 2021 मध्ये सुमित्राताई गेल्या. बाईचं ऐकून घ्यायचं आणि मग कॅमेरा लावायचा, ही त्यांची रीत होती. मी केंद्रात उलट करत होते. आधी सिनेमा लावत होते आणि मग बाईचं ऐकायला बसत होते.

आता मागच्या रांगेतल्या त्या बाईचं पुढे काय झालं ते सांगते. ती आमच्याकडे आली तेव्हा तिला आम्ही निवारागृहाचा पत्ता दिला. ती म्हणाली, "मी का जाऊ? खोलीचं भाडं मी भरते." मैत्रिणींनो, एवढी वर्षं काम करून हे वाक्य मला तिच्याकडून ऐकावं लागलं. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा 2005 साली झाला, 2006 पासून लागू आहे. राहतं घर कुणाच्याही नावावर असो, बाईला तिथे राहण्याचा हक्क तो देतो. गरज पडल्यास मारणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर राहण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. आम्ही संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत अर्ज केला. बऱ्याच तारखा पडल्या, तिचे कामाचे खाडे झाले, दोन घरची कामं सुटली. शेवटी आदेश मिळाला. ती आज त्याच खोलीत राहते. ती आगगाडीत बसलीच नाही.

नीरा जे हट्टाने करत होती, ते या बाईने कायद्याने केलं. सिनेमावाल्यांना दार उघडून बाहेर पडणारी बाई दाखवायला आवडते, कारण ते डोळ्यांना दिसतं. दाराच्या आत पाय रोवून उभी राहणारी बाई दाखवणं अवघड. पण आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींची लढाई तीच असते.

म्हणून माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. सिनेमे जरूर दाखवा, पण निवड बायकांना करू द्या. आपल्याला न आवडणारा सिनेमाही त्यांच्याबरोबर बसून पाहा. सिनेमा दोन तासांचा असेल तर बोलायला दोन तास ठेवा. आणि दिवे लागल्यावर केंद्राचा पत्ता, महिला हेल्पलाइनचा 181 हा क्रमांक आणि संरक्षण अधिकारी कुठे बसतात ते फळ्यावर लिहून ठेवा.

"पुढे ती कुठं गेली?" असा प्रश्न कुणी विचारला, तर माझ्यासारखं भाषण देऊ नका. तिच्या शेजारी जाऊन बसा. बहुतेक वेळा ती स्वतःबद्दल विचारत असते.