गोठलेला खांदा : सुई की दुर्बीण?



खांदा धरला म्हणून आमच्याकडे येणाऱ्यांत पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रिया अधिक. तक्रारी ठरलेल्या : वेणी घालता येत नाही, ब्लाउजचा हुक लागत नाही, रात्री त्या कुशीवर झोप नाही. पुरुषांचा हात मागच्या खिशापर्यंत पोचत नाही. वयावर ढकलून सहा-आठ महिने अंगावर काढलेले असतात. मग एकदम विचारणा होते, ‘डॉक्टर, दुर्बिणीने मोकळा करून टाकता का?’

सांध्याभोवती पातळ पिशवीसारखं आवरण असतं. ते सुजतं, जाड होतं, आकसतं. 1934 मध्ये अमेरिकन सर्जन कॉडमन यांनी याला ‘फ्रोजन शोल्डर’ म्हटलं. घरी एक पाहा : कोपर कमरेला टेकवून काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेर वळवा. दुसऱ्याने वळवूनही हात अडतो का? अडत असेल तर खांदा गोठल्याची शंका घ्यावी. तरी एक्स-रे हवाच. झिजलेला सांधाही असाच अडतो. आणि साखर तपासा. मधुमेहींना हा त्रास जास्त होतो, शिवाय चिवटपणे टिकतो.

पहिला उपाय सांध्यात एक इंजेक्शन आणि सोबत व्यायाम. स्टिरॉइड म्हटलं की भुवया वर जातात! पण दुखणं ऐन भरात असताना याचा गुण चांगला येतो. मधुमेहींची साखर काही दिवस वाढते, तेवढी सांभाळावी लागते. दुसरा प्रकार म्हणजे सोनोग्राफीत बघत, औषधाबरोबर सलाइन भरून ती पिशवी ताणायची. भूल देऊन झोपवावं लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येतं.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत लहान छिद्रांतून आकसलेलं आवरण कापतात. टाके एक-दोनच, म्हणून काम किरकोळ समजू नका. ब्रिटनमध्ये 503 रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास 2020 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन हात फिरवणं आणि दुर्बीण यांची तुलना होती. वर्षअखेर तिन्ही गट बरेच सुधारले. कोणताही एक उपाय ठळकपणे सरस ठरला नाही. फिजिओथेरपीवाल्यांपैकी काहींना पुढे आणखी उपचार लागले, तर दुर्बिणीत जोखीम अधिक दिसली. म्हणून आम्ही काही महिने इंजेक्शन-व्यायाम नेटाने करून पाहतो आणि अडलंच तर दुर्बीण. तिच्यानंतरही व्यायाम लगेच सुरू करावे लागतात, नाहीतर खांदा पुन्हा आखडतो.

हात झोळीत बांधून ठेवू नका. मालिशवाल्याकडून हिसका तर मुळीच नको. ठिसूळ हाड मोडू शकतं. शेकून घ्या, वाकून हात लंबकासारखा झुलवा, बोटांनी भिंत चढा. दिवसातून तीन-चारदा, थोडं थोडं.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली : ‘एक बरा झाला, आता दुसरा धरेल का?’ काहींचा धरतो. बरा झालेला मात्र सहसा पुन्हा धरत नाही. दुसरा कुरकुरू लागला तर यंदा सहा महिने थांबू नका, ताई. पहिल्याच महिन्यात या.